नाव एक, पत्ते दोन

सर्व्हरच्या नावाचा घोळ झाला की ऑफिसात पहिलं वाक्य ठरलेलं: "डीएनएस बघा." मीही परवा तेच म्हणालो आणि तासभर डिग चालवत बसलो. डिग दर वेळी बरोबर पत्ता सांगत होता. सांगणारच, कारण तो होस्ट्स फाइल उघडतच नाही, थेट डीएनएसला विचारतो. आपले प्रोग्रॅम मात्र आधी एनएसस्विच पाहतात आणि तिथे बहुधा फाइलचा नंबर डीएनएसच्या आधी असतो. त्यामुळे प्रोग्रॅमला काय दिसतंय हे पाहायचं तर 'गेटेंट' वापरायचा.

अॅन्सिबलने उभा केलेला डेबियनचा सर्व्हर होता. स्वतःशी नीट बोलायचा, शेजारच्यांना मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. इटीसीतल्या होस्ट्स फाइलमध्ये या दोन ओळी निघाल्या:

१२७.०.१.१ डीबी१
१०.०.०.११ डीबी१

"खालची ओळ नवी आहे, तीच चालणार ना?" आमच्या नव्या सहकाऱ्याने विचारलं. हा समज फार जुना. खालची ओळ वरचीला खोडत नाही. डेबियनवर दोन्ही पत्ते मिळतात आणि पुष्कळ प्रोग्रॅम पहिलाच उचलतात. आमच्या डेटाबेसने १२७.०.१.१ उचलला, म्हणजे घराचं दार आतून लावून पाहुण्यांची वाट बघत बसला.

ती वरची ओळ कुणी घुसडलेली नव्हती. यंत्राला कायमचा आयपी नसला तरी त्याला स्वतःचं नाव सापडावं, म्हणून डेबियनचा इन्स्टॉलरच ती लिहितो. "होस्टनेम मॉड्यूल चालवलं की सगळं जागच्या जागी बसतं" हेही खरं नाही. ते मॉड्यूल होस्ट्स फाइलला हात लावत नाही, तसं त्याच्या माहितीपत्रातच लिहिलंय. होस्टनेमसीटीएलचंही तेच. आम्ही म्हणून 'लाइनइनफाइल' लावलं होतं, पण रेगेक्स दोन ओळींना जुळला तर ते फक्त शेवटची बदलतं. वरची तशीच राहिली, आणि प्लेबुक हिरवं!

मग "हाताने खोडून टाकू, काम संपलं" असं वाटतं. क्लाउड-इनिट असलेल्या इमेजवर मॅनेज-इटीसी-होस्ट्स 'ट्रू' असेल, तर दर बूटला ती फाइल टेम्प्लेटवरून नव्याने लिहिली जाते. दिवसा केलेली दुरुस्ती रात्रीच्या रीबूटमध्ये वाहून जाते आणि दोष मात्र नेटवर्कवाल्यांच्या माथी. अशा वेळी टेम्प्लेट बदला, नाहीतर ती सेटिंग बंद करून फाइल अॅन्सिबलच्या ताब्यात द्या. दोघांना एकच फाइल लिहायला लावू नका.

आम्ही लाइनइनफाइल काढून पूर्ण फाइलच टेम्प्लेटमधून लिहायला घेतली. कायमचा आयपी असेल तर १२७.०.१.१ च्या जागी तोच द्यावा, असं डेबियनच्या संदर्भ पुस्तिकेतही लिहिलेलं आहे.