बदकाच्या पिल्लांचे पाय

बदक हा पाण्याचा पक्षी. पोहताना पाणी मागे लोटता यावे म्हणून त्याच्या पुढच्या तीन बोटांमध्ये कातडीचा पडदा असतो. केरळातील कुट्टनाड भागात भाताची कापणी झाली की बदकांचे मोठमोठे कळप शेतांत सोडतात. दिवसभर ती चिखलपाण्यातून हिंडतात, सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडे वेचून खातात. त्यांच्या पायांना त्यामुळे काही इजा होत नाही. पण नुकतीच जन्मलेली पिल्ले घरात दिव्याच्या उबेत वाढवायला घेतली आणि त्यांच्या पायाखालची जागा काही दिवस सतत ओली राहिली, तर तळवे लाल होतात, सोलवटतात आणि पिल्ले लंगडू लागतात. पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याचे पाय ओलाव्याने का बिघडावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधू या.

कृत्रिम दाई

बदकाचे अंडे उबवायला साधारणपणे २८ दिवस लागतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर पिसे नसून मऊ लव असते. आईच्या पंखाखाली त्याला ऊब मिळते आणि तिच्या पिसांतले तेलही त्याच्या लवीला लागते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला यांतले काहीच मिळत नाही. ते चटकन भिजते आणि गारठते. म्हणून त्याला पहिले तीन-चार आठवडे उबदार पेटीत किंवा खोलीत ठेवतात. या सोयीला ब्रूडर किंवा ‘कृत्रिम दाई’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करतात. यासाठी तारेचा जुना बल्ब किंवा खास उष्णता देणारा दिवा लागतो. एलईडी दिवा उजेड देतो, पण पिल्लांना पुरेल एवढी ऊब देत नाही.

या पेटीत जमिनीवर भाताचे तूस, रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या ढलप्या किंवा बारीक कापलेला पेंढा पसरतात. याला ‘गादी’ म्हणतात. पिल्लांच्या पायांचे आरोग्य मुख्यतः या गादीवर अवलंबून असते.

तळ्याचे पाणी आणि गादीचा ओलावा

पक्षी बोटांवर चालतात. आपल्याला त्यांचा ‘उलटा गुडघा’ वाटतो तो खरे म्हणजे घोटा होय. म्हणजे शरीराचा सगळा भार बोटांवर आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या मऊ तळव्यावर पडतो. हा भार झपाट्याने वाढतो. पेकिन जातीचे बदक सात आठवड्यांत सुमारे ३ किलो वजनाचे होते.

तळ्यात पोहताना हा भार पाणी पेलते, पाय धुतले जातात, विष्ठा दूर वाहून जाते आणि काठावर येऊन बसले की पाय वाळतात. पेटीत यांतले काहीच घडत नाही. बदकाच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्यात भर पडते ती सांडलेल्या पाण्याची. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. ओल्या, उबदार गादीत जंतू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. तो ओलाव्यात विरघळला की अल्कधर्मी द्रावण बनते. आपले हात बराच वेळ साबणाच्या पाण्यात राहिले की कातडी कशी पांढरी आणि मऊ पडते, हे तुम्ही पाहिले असेल. पिल्लाच्या तळव्याचेही तसेच होते. मऊ झालेली कातडी गादीवर घासून फाटते. त्या भेगेतून स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरले तर तळवा सुजतो, आत पू साचून कठीण गाठ होते आणि वर काळी खपली धरते. कुक्कुटपालक या विकाराला ‘बंबलफूट’ म्हणतात. अशी गाठ घरी कापू नये, पशुवैद्याला दाखवावी.

मग पाणी कमी द्यावे का?

मुळीच नाही. बदकाचे पिल्लू कोरडे खाद्य खाता खाता सारखे पाणी पिते. पाणी नसेल तर घास घशात अडकतो. शिवाय चोच पाण्यात बुडवून ते नाकपुड्या साफ करते. म्हणून भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे, पण त्याचे तोंड असे अरुंद असावे की पिल्लाला आत उतरता येऊ नये.

उपाय असा की पाणी भरपूर द्यावे, पण ते गादीत जाऊ देऊ नये. दिवा पेटीच्या एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवावे. पाण्याच्या कोपऱ्यात एक उथळ पत्र्याची ताटली ठेवून तिच्यावर सुमारे १ सेंटिमीटर भोकांची तारेची जाळी बसवावी आणि भांडे जाळीवर ठेवावे. सांडलेले पाणी ताटलीत पडते. ते रोज ओतून टाकावे. तारेची कापलेली टोके खाली वळवावीत. सगळी पेटी मात्र जाळीची करू नये, कारण सतत तारेवर उभे राहूनही तळवे दुखावतात. गादीचा ओला भाग रोज काढून तेथे कोरडे तूस घालावे. बुरसटलेला पेंढा वापरू नये.

घसरडी जमीन आणि अपुरे खाद्य

पुष्कळ जण पेटीत वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक अंथरतात. त्यावर पिल्लाचे पाय बाजूंना घसरतात. पहिल्या दिवसांत सांध्यांचे बंध कोवळे असतात. रोज असेच घसरत राहिले तर पाय कायमचे फाकतात आणि पिल्लाला उभेही राहता येत नाही. म्हणून खाली खरबरीत पृष्ठभाग हवा.

पायांचा सगळाच दोष जमिनीवर टाकता येत नाही. बदकाच्या पिल्लाला दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व लागते. कोंबडीच्या पिल्लाला सुमारे ३० मिलिग्रॅम पुरते. त्यामुळे केवळ कोंबडीचे खाद्य घातले तर बदकाच्या पिल्लांचे घोटे सुजून पाय वाकण्याची भीती असते. मक्यातील बरेचसे नायसिन बांधलेल्या स्वरूपात असल्याने पक्ष्यांना मिळत नाही. खाद्यात यीस्टची भुकटी मिसळल्यास ही उणीव भरून निघते. तळवे स्वच्छ, पण घोटे सुजलेले दिसले तर गादीबरोबर खाद्यही तपासावे.

करून पाहा

१. गादी मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे. भुगा सुटा झाला तर ठीक.

२. जवळच्या कोंबडीपालकाकडून वापरलेली गादी आणा. एका बरणीत ती कोरडी ठेवा, दुसरीत थोडे पाणी शिंपडून ठेवा. दोन्हींच्या तोंडाशी, गादीला न लागेल असा, ओलसर तांबडा लिटमस कागद अडकवून झाकण लावा. बरण्या उबदार जागी ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा. कोणता कागद निळा झाला?

३. एका फळीवर वर्तमानपत्र, प्लॅस्टिक आणि गोणपाट आळीपाळीने पसरा. त्यावर काड्यांनी भरलेली आगपेटी ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. पेटी किती अंशांच्या कोनात घसरते ते कोनमापकाने मोजा आणि तिन्ही आकड्यांची तुलना करा.

गादी किंवा पिल्ले हाताळल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका. तुमच्या शाळेत किंवा घरी पिल्ले असतील तर रोज एकदा प्रत्येक पिल्लू अलगद उचलून त्याचे दोन्ही तळवे पाहा. या तपासणीला एका पिल्लामागे अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तळव्यावरचा तांबूस डाग त्याच दिवशी दिसला तर केवळ गादी बदलून तो बहुधा बरा होतो.