वस्तीपर्यंतचा खडी-मुरुमाचा रस्ता : टिकाऊपणाचे मर्म निचऱ्यात

गावच्या सडकेपासून शेतातील वस्तीपर्यंतचे अंतर बहुधा शंभर-दोनशे मीटरच असते. परंतु काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्याच्या दिवसांत तेच सर्वांत लांब ठरते. दुधाचे कॅन डोक्यावरून आणावे लागतात, मुलांची शाळा बुडते आणि आजाऱ्यास बाजेवर घालून सडक गाठावी लागते. दरवर्षी मृगाच्या आधी मुरमाच्या गाड्या ओतल्या जातात आणि पोळ्यापर्यंत त्यांचा मागमूसही उरत नाही. हा मुरूम जातो कोठे, याचे उत्तर समजून घेतल्यास दरसालचा खर्च टाळता येणे शक्य आहे.

मुरूम खचतो का?

काळी माती पाणी शोषून फुगते व मऊ होते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते. ओल्या मातीवर गाडीचा भार आला की दगड खाली रुततो आणि चिखल वर येतो. म्हणजे मुरूम वाहून जाण्यापेक्षा गिळला जातो, हेच खरे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रस्तेतज्ज्ञ जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६-१८३६) यांनी हेच तत्त्व मांडले होते. रस्त्यावरील भार अखेर खालची जमीनच पेलते; मात्र ती कोरडी असेल तरच. खडीकरणाची आजची पद्धत त्यांच्याच विचारावर आधारलेली आहे.

आधी पाण्याची वाट

अनेक जुन्या पाणंदी वर्षानुवर्षे चाकांखाली झिजून शेतापेक्षा खोल गेल्या आहेत. पावसात त्यांचा ओढा होतो. अशा चाकोरीत मुरूम ओतणे व्यर्थ होय. रस्ता लगतच्या शेतापेक्षा उंच असावा, दोन्ही बाजूंस चर असावेत आणि चरांचा तळ रस्त्याच्या पायापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर खाली असावा. चरांतील पाणी ओढ्या-नाल्यास मिळाले पाहिजे. अन्यथा चरातच पाणी तुंबून पाया भिजतो. पाणी रस्ता ओलांडते तेथे नळमोरी घालावी.

पाया, थर आणि दबाई

वरची सुपीक माती काढून शेतात पसरावी. काळ्या मातीवर प्रथम वाळूचा अथवा चिकणमाती नसलेल्या मुरमाचा १० ते १५ सेंटिमीटरचा थर दाबून घ्यावा. खालचा चिखल वर येण्यास तो अटकाव करतो.

त्यावर खडीचे दोन थर द्यावेत : खालच्यात ४५ ते ६३ मिलिमीटरची, तर वरच्यात त्याहून लहान खडी. प्रत्येक थर सुटा १० सेंटिमीटर पसरला असता दबाईनंतर सुमारे साडेसात सेंटिमीटर होतो. रोडरोलर कडेकडून मध्याकडे फिरवावा, म्हणजे खडी बाहेर सरकत नाही. कोरड्या दबाईने खडी एकमेकींत अडकल्यावर कच पसरावी, पाणी मारावे आणि थोडा मुरूम बंधक म्हणून घालून पुन्हा दबाई करावी. मुरमात चिकणमाती अधिक असल्यास रस्ता निसरडा होतो. ती मुळीच नसल्यास खडी सुटते.

मध्यापासून कडेपर्यंत सुमारे चार टक्के उतार ठेवावा. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच असला की पावसाचे पाणी वर थांबत नाही.

हिशेब व परवानगी

१०० मीटर लांब व ३ मीटर रुंद रस्त्यावर खडीचे दोन्ही थर मिळून दाबलेला माल ४५ घनमीटर होतो. त्यासाठी सुमारे ६० घनमीटर, म्हणजे २१ ब्रास सुटा माल लागतो. मुरूम हे गौण खनिज असल्याने उत्खननापूर्वी महसूल विभागाची परवानगी घ्यावी लागते. शेतास वाट नसल्यास, इतरांच्या बांधावरून ती मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

देखभालीची सवय

चांगला बांधलेला रस्ताही दुर्लक्षाने दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. मृगापूर्वी चर व मोऱ्या साफ कराव्यात. खड्ड्यात नुसता मुरूम टाकू नये. खड्ड्याच्या कडा उभ्या कापून, सुटा माल काढून, ओली खडी ठोकून भरावी. चाकोऱ्या दिसू लागताच कडेला सरकलेली खडी मध्याकडे ओढून उतार पूर्ववत करावा. केजव्हील लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नयेत.

या कामांस मोठा निधी लागत नाही. फावडे, घमेले आणि दोन दिवसांचे श्रम पुरतात. ग्रामपंचायतीने रस्त्याचा आराखडा करताना खडीच्या ब्रासआधी चर आणि मोऱ्या लिहिल्या, तर वस्तीवरच्या माणसाला पावसाळ्यातही सडक जवळची वाटेल.