डॉक्टर न होता आरोग्यसेवेत करिअर: आरोग्य व्यवस्थापनाची पदवी म्हणजे नेमकं काय?

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ ‘नीट’चाही लागतो. गोंदिया, आमगाव किंवा देवरीच्या अनेक घरांत मग एकच प्रश्न फिरू लागतो : एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता पुढे काय? नर्सिंग, फार्मसी आणि बीएस्सी ही नावं ओळखीची असतात. अलीकडे या यादीत आणखी एक नाव ऐकू येतं, ते म्हणजे आरोग्य व्यवस्थापनाची पदवी. कुणी तिला ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ म्हणतं, तर कुणी ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’.

या पदवीत शिकवतात काय, प्रवेश कसा मिळतो, नोकरी कुठे लागते आणि फी भरण्याआधी काय तपासायचं, हे गोंदिया जिल्ह्याच्या उदाहरणातून समजून घेऊ.

ही पदवी कशाची असते?

दवाखान्यात रुग्णाला तपासण्याचं काम डॉक्टरचं आणि शुश्रूषेचं काम परिचारिकेचं. पण रुग्ण दारातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्यासाठी इतरही बरीच कामं चाललेली असतात. केस पेपर निघतो, खाट मिळते, औषध साठ्यात असावं लागतं, तपासणीचा अहवाल वेळेवर यावा लागतो, सरकारी योजनेची मंजुरी मिळवावी लागते, कचरा योग्य पिशवीत जावा लागतो आणि शेवटी बिल व डिस्चार्ज कार्ड तयार व्हावं लागतं. ही सगळी कामं एकमेकांत नीट गुंफण्याचं शिक्षण म्हणजे आरोग्य व्यवस्थापन.

ही पदवी घेऊन कुणी डॉक्टर होत नाही. नावापुढे ‘डॉ.’ लागत नाही आणि औषध लिहून देण्याचा अधिकारही मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ही गोष्ट स्पष्ट समजून घेतलेली बरी.

गोंदियात या विषयाची गरज का आहे?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट, तर दुसरीकडे छत्तीसगड. जिल्हा धानाचा आहे आणि पूर्वेकडचा बराच भाग जंगलाचा व आदिवासी वस्तीचा आहे.

गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झालं. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही शहरातली दोन जुनी रुग्णालयं त्याच्याशी जोडली गेली. खाली गावपातळीपर्यंत उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय अशी साखळी आहे. साधारण नियम असा, की सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. आदिवासी व डोंगराळ भागात हेच प्रमाण ३,००० आणि २०,००० असं धरलं जातं.

या साखळीत दोन कारभार समांतर चालतात. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात, तर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं खातं आणखी वेगळं. सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या गावातून निघालेली गरोदर बाई गोंदियाला पोहोचेपर्यंत या तिन्ही कारभारांतून जाऊ शकते. तिची कागदपत्रं आणि माहिती तिच्याबरोबर पुढे सरकली नाही, तर त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागतात आणि वेळ जातो.

वर्गात काय शिकवतात?

पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची तत्त्वं, लेखांकन, अर्थशास्त्र, संवादकौशल्य आणि संगणक असे विषय असतात. सोबत शरीररचनेची तोंडओळख आणि वैद्यकीय परिभाषा शिकवतात. पुढे रुग्णालयाचं नियोजन, साठा व्यवस्थापन, वैद्यकीय अभिलेख, आरोग्य विमा, गुणवत्ता, कायदे, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्र येतं. शेवटच्या टप्प्यात रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं.

विषयांची नावं कोरडी वाटतात. प्रत्यक्षात ते कसे वापरले जातात, हे तीन उदाहरणांतून पाहू.

उदाहरण पहिलं : सर्पदंशाची लस

रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. भारतात वापरली जाणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागू शकतात.

समजा, एका रुग्णालयात पावसाळ्यात आठवड्याला २० कुप्या लागतात आणि मागणी केल्यापासून माल यायला ३ आठवडे जातात. म्हणजे वाटेतल्या काळासाठीच ६० कुप्या हव्यात. अचानक रुग्ण वाढले तर हाताशी असाव्यात म्हणून आणखी ४० धरल्या, तर साठा १०० वर येताच नवी मागणी गेली पाहिजे. कपाटात ६० कुप्या दिसताहेत म्हणून निश्चिंत राहणारा इथे चुकतो. या हिशेबाला ‘पुनर्मागणी पातळी’ म्हणतात. ज्या कुपीची मुदत आधी संपते ती आधी वापरायची, हा त्याला जोडलेला दुसरा नियम.

उदाहरण दुसरं : खाटांचा हिशेब

३० खाटांच्या रुग्णालयात सप्टेंबरच्या ३० दिवसांत एकूण ९०० ‘खाट-दिवस’ उपलब्ध असतात. त्यातले ८१० वापरले गेले, तर खाटांचा वापर ९० टक्के झाला. या काळात २७० रुग्ण भरती झाले असतील, तर प्रत्येकाचा सरासरी मुक्काम ३ दिवस.

आता समजा, अहवाल उशिरा येतात, सुट्टीच्या कागदावर सही व्हायची राहते आणि मुक्काम सरासरी ४ दिवसांवर जातो. मुक्काम ३ दिवसांचा असताना त्याच ९०० खाट-दिवसांत जास्तीत जास्त ३०० रुग्णांना जागा मिळते. तो ४ दिवसांचा झाला की हा आकडा २२५ वर येतो. एकही खाट कमी न होता ७५ रुग्णांची जागा गेली. तापाच्या साथीत यातल्या काहींना जमिनीवर गादी टाकावी लागते, तर काहींना दुसरीकडे पाठवावं लागतं. व्यवस्थापनाची चूक वहीत छोटी दिसते. वॉर्डात ती अशी मोठी होते.

उदाहरण तिसरं : सीमेपलीकडचा रुग्ण

गोंदियाच्या दवाखान्यांत बालाघाट आणि छत्तीसगडकडचे रुग्णही येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड मात्र राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता या योजनेत घेतलं आहे.

काउंटरवर बसलेल्या माणसाला हा फरक माहीत नसेल, तर ‘तुमचं कार्ड इथे चालत नाही’ असं सांगून तो रुग्णाला परत पाठवू शकतो. माहीत असेल, तर तोच रुग्ण खिशातून पैसे न घालता उपचार घेऊ शकतो. त्यातही रुग्ण मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगडी बोलणारा असू शकतो. जिल्ह्यातल्या भाषा कळणं ही इथे पदवीइतकीच उपयोगी पात्रता ठरते.

याशिवाय रोजची शिस्तीची कामं आहेतच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा चार रंगांत कचरा वेगळा करावा लागतो आणि प्रक्रिया न झालेला कचरा साधारणपणे ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. एक उघडी सुई चुकीच्या पिशवीत गेली, तर इजा सफाई कामगाराला होते.

पदवीची नावं वेगवेगळी का दिसतात?

इथेच गोंधळ सर्वात जास्त होतो. काही ठिकाणी हा अभ्यासक्रम बीबीए म्हणून, काही ठिकाणी बी.व्होक. म्हणून, तर काही ठिकाणी बॅचलर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन म्हणून चालतो. ‘बीएचएम’ हे लघुरूप हॉटेल मॅनेजमेंटसाठीही वापरतात, त्यामुळे पूर्ण नाव वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी बऱ्याच विद्यार्थ्यांना हे कळलं नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. म्हणून ‘सीईटी लागते का?’ हा प्रश्न बारावीच्या निकालानंतर विचारून उपयोग नाही. तो बारावीच्या वर्षातच विचारायला हवा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी अशी रचना आहे. या अभ्यासक्रमांना अनेक ठिकाणी कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचे विद्यार्थी चालतात. ‘नीट’ लागत नाही.

खर्चाचं काय?

गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. या विषयाच्या शोधात इथल्या विद्यार्थ्यांची नजर साहजिकच नागपूरकडे जाते. हावडा-मुंबई मार्गावर गोंदियापासून नागपूर सुमारे १३० किलोमीटर आहे. रोज ये-जा करणं दमवणारं, म्हणून फीसोबत खोली आणि जेवणाचा खर्चही धरावा लागतो.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत लागू केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावं, ही तिची अट. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो आणि अभिमत व खासगी विद्यापीठं यातून वगळली आहेत. ‘मॅनेजमेंट कोट्यातून आज पैसे भरा, सवलत नंतर बघू’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबावं. अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि इतर योजनांची माहिती देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळू शकते.

नोकरी कुठे आणि कुठे नाही?

पदवीनंतरची पहिली नोकरी बहुतेकदा खासगी रुग्णालयात मिळते. रुग्ण नोंदणी, बिलिंग, विमा व योजना कक्ष, वैद्यकीय अभिलेख, साठा किंवा गुणवत्ता विभाग ही तिथली कामं. विमा कंपन्या, त्यांचे दावे तपासणाऱ्या संस्था, निदान केंद्रं आणि रुग्णालयांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांतही मागणी असते. सुरुवातीचं पद साधं असतं. रात्रपाळी असते आणि चिडलेल्या नातेवाइकांशी बोलावंही लागतं.

सरकारी बाजू नीट समजून घ्यावी. जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधीक्षक ही पदं डॉक्टरांची आहेत. या पदवीवर ती मिळत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कार्यक्रम व्यवस्थापकाची पदं असतात, पण ती कंत्राटी असतात आणि वरच्या पदांसाठी बहुतेकदा पदव्युत्तर शिक्षण मागितलं जातं. त्यामुळे ज्यांना जिल्हा पातळीवर काम करायचं आहे, त्यांनी सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय प्रशासनातल्या पदव्युत्तर पदवीची तयारी मनात ठेवावी. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था या क्षेत्रात जुनी आणि नावाजलेली आहे.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- पदवी कोणतं विद्यापीठ देणार? त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत हे महाविद्यालय आणि हा अभ्यासक्रम, दोन्ही आहेत का?
- नाव बीबीए किंवा बीएमएस असेल, तर तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता या वर्षासाठी आहे का?
- प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती आठवडे? लेखी करार आहे का?
- शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत याच अभ्यासक्रमाला लागू आहे का?
- मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात? त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल का?

शेवटच्या प्रश्नावर महाविद्यालय टाळाटाळ करत असेल, तर दुसरीकडे चौकशी करावी.

मग ही पदवी कुणासाठी?

‘डॉक्टर होता आलं नाही म्हणून’ एवढ्याच कारणाने आलेला विद्यार्थी इथे लवकर कंटाळतो. आकडेमोडीची भीती नसलेला, माणसांशी शांतपणे बोलू शकणारा आणि एखादी रांग का अडली याचं कारण शोधत राहणारा विद्यार्थी मात्र इथे रमतो.

निर्णय घेण्याआधी एक सोपी परीक्षा करता येते. एखाद्या सकाळी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कुणाला अडथळा न करता दोन तास बसावं. रांग कुठे थांबते, कुणाला तीनदा फेऱ्या माराव्या लागतात, कोणतं औषध संपलेलं असतं, हे बघावं. हे पाहून ‘हे असं करता आलं असतं’ असं मनात येत असेल, तर हा विषय आपला असण्याची शक्यता बरीच आहे.