स्टेटन आयलंडचे एक मत

न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांना तेथे ‘बरो’ म्हणतात. त्यांपैकी स्टेटन आयलंड हे बेट क्षेत्रफळाने मॅनहॅटनच्या दुपटीहून मोठे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र ४,९५,७४७, म्हणजे पाचांत सर्वांत कमी. १८९४ च्या सार्वमतात बेटाने एकीकरणाला कौल दिला आणि १८९८ मध्ये ते महानगरात सामील झाले.

पुढे शहराचा अर्थसंकल्प, कंत्राटे व जमिनीचा वापर यांवर ‘बोर्ड ऑफ एस्टिमेट’ची सत्ता चाले. तीत प्रत्येक बरोच्या अध्यक्षास एक मत. अवाढव्य ब्रुकलिनला एक, तसेच या बेटालाही एक! समान मताधिकाराच्या तत्त्वाशी हे विसंगत असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला आणि मंडळ बरखास्त झाले. न्यायालयाचे गणित अचूकच होते. परंतु १९४८ पासून शहराचा कचरा पोटात घेणारा फ्रेश किल्सचा प्रचंड डेपो याच बेटावर होता. सोय साऱ्या शहराची, दुर्गंधी एका विभागाची. अशा वेळी निव्वळ डोकी मोजून न्याय होतो काय? बेटवासीयांना तसे वाटले नाही. नोव्हेंबर १९९३ च्या मतदानात सुमारे ६५ टक्क्यांनी शहरातून फुटून निघण्यास पाठिंबा दिला. राज्याच्या विधिमंडळात मात्र तो प्रस्ताव अडला. डेपो २००१ मध्ये बंद झाला. ५१ सदस्यांच्या नगरपरिषदेत बेटाचे प्रतिनिधी आज तीन आहेत.