विश्लेषण : सिमेंटसाठी चंद्रपूरचाच चुनखडक का?

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, उपरवाही या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या जिल्ह्यांत दगडाला तोटा नाही, पण सिमेंटला लागणारा दगड तिथे नाही.

हा दगड आला कुठून?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. शेतात सापडणारे चुनखडीचे खडे निराळे. ते मातीत चुना साचून खूप अलीकडे तयार झाले. घाणीत दळलेल्या जुन्या चुन्याला ते चालत, आजच्या कारखान्याला पुरणार नाहीत. पूर्वेकडे लाव्ह्याचे आवरण संपते आणि पैनगंगा-वर्धा खोऱ्यात त्याखालचे जुने थर उघडे पडतात. त्यांना ‘पैनगंगा समूह’ म्हणतात. इथे समुद्र होता तेव्हा शंखशिंपल्यांचे प्राणी जन्मालाही आले नव्हते. त्यामुळे हा खडक शिंपल्यांच्या चुऱ्याचा नाही, तळाशी बसलेल्या चुन्याच्या बारीक गाळाचा आहे. तो गुलाबी, करडा, काळा अशा रंगांत आणि पातळ थरांत आढळतो. जवळच वर्धा खोऱ्यातला कोळसा, हा आणखी एक योग.

सगळाच चुनखडक चालतो का?

नाही. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ५६ टक्के चुना (कॅल्शियम ऑक्साइड) आणि ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. प्रत्यक्ष खाणीत गाळाबरोबर माती, सिलिका, मॅग्नेशियमही येते. थोडी सिलिका, अॅल्युमिना, लोह हवेच असते. भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला चुना त्यांच्याशी संयोग पावूनच क्लिंकर बनतो. पण गारेसारख्या कठीण सिलिकेचे पट्टे असले तर दगड दळणे महाग पडते.

खरा धोका मॅग्नेशियमचा. भट्टीत करपलेले मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्याशी फार सावकाश संयोग पावते आणि फुगते. म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर, कधी काही वर्षांनी, आतून तडे जातात. म्हणूनच भारतीय मानकांत साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये त्याची मर्यादा ६ टक्के आहे. एकाच खाणीत काही मीटरवर प्रमाण बदलते, त्यामुळे सुरुंगाच्या प्रत्येक छिद्रातील भुकटी तपासून चांगला-हलका दगड मिसळला जातो. नुसता चांगला थर ओरबाडला, तर उरलेला दगड पुढे टाकाऊ ठरतो.

मग अडचण कुठे?

त्या ४४ टक्क्यांत. एक टन शुद्ध चुनखडक भाजला की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. कोळशाच्या धुराचा हिशेब वेगळा. कारखाना उद्या पूर्ण सौरऊर्जेवर चालवला तरी हा वायू थांबणार नाही. क्लिंकर कमी करून राख मिसळणे हा सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे, आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात राखेची कमतरता नाही.