पेरा, पेरू आणि पेरी

राहात्याच्या बागांत मृग बहाराचा पेरू उतरत असताना झाडाखाली वाकून पाहावं. दोन दिवसांपूर्वी गळालेल्या फळाची साल तपकिरी पडलेली असते, बोट लावलं की आत रुततं, देठापाशी बारीक फेस आणि भोवती चिलटं. वास गोडच, पण मागून आंबूस येतो. यीस्टला साखर सापडलेली असते. इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी याच आंबण्यातून एक पेय पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं, नासपतीची पेरी.

पेरी आणि पेरू एकाच कुळातले शब्द. अमेरिकेतलं हे फळ पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं, आणि त्याला त्यांच्या नासपतीचं, म्हणजे ‘पेरा’चं नाव चिकटलं. गोव्यात पेरूच्या वडीला अजूनही पेराद म्हणतात.

पेरीची नासपती मात्र खाण्याची नव्हे. चावली तर जीभ आखडते, इतकी तुरट. ग्लॉस्टरशर, हेरफर्डशरमध्ये तिची दोनशे-तीनशे वर्षांची झाडं उभी आहेत. लावणाऱ्याच्या नातवंडांनी फळ घ्यायचं, असा तो हिशेब. फळं भरडून लगदा रात्रभर तसाच ठेवतात, म्हणजे तुरटपणा थोडा उतरतो. मग दाबून रस काढायचा आणि थंडीभर पिंपात सावकाश आंबू द्यायचा. नासपतीत सॉर्बिटॉल असतं. यीस्टला ते पचत नाही, म्हणून सगळी साखर संपली तरी पेरीत हलका गोडवा उरतो. 1953 साली शेप्टन मॅलेटच्या शॉवरिंग कुटुंबाने हीच पेरी ‘बेबीचॅम’ नावाने छोट्या बाटल्यांतून घरोघरी पोचवली.

आपला सरदार पेरू, म्हणजे लखनौ-49, निवडला गेला पुण्याच्या गणेशखिंडीत, 1927 साली. तो खाण्यासाठी. आंबवायला तो अवघड आहे. पेक्टिनमुळे लगदा धरून बसतो, एन्झाइम घातल्याशिवाय रस नीट सुटत नाही. त्यात साखर साधारण आठ-दहा टक्के. वरून साखर न घालता आंबवला तर अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर थांबेल. द्राक्षाच्या वाइनच्या मापाने हे कमी पडतं, पेरीच्या मापाने ठीक आहे. पेरूचं पेय करायचंच असेल तर नाशिककडे न बघता हेरफर्डशरकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पण राहाता ज्या जिल्ह्यात आहे, तो अण्णा हजारेंच्या राळेगणसिद्धीचाही आहे. तिथे दारूभट्ट्या बंद झाल्या तेव्हा अनेक घरं सावरली. 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याच्या निर्णयाला अण्णा हजारेंनी विरोध केला, तोही इथूनच. तो विरोध मला परका वाटत नाही. म्हणून पेरूच्या पेयाचं हे काम झालं तर परवान्याने, उघडपणे, कारखान्याच्या शिस्तीत व्हावं. घरातल्या माठात नको.

पिकलेला पेरू तीन-चार दिवसांच्या वर टिकत नाही. सकाळी तोडणी होते, कडक फळं क्रेटमध्ये जातात. मऊ पडलेली बांधावर राहतात, आणि ऊन चढेपर्यंत त्यांच्यावर चिलटं बसलेली असतात.