घास भरवण्याआधी

कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या तावडीतून सुटलेली गावठी कोंबडी डालग्याखाली आणून ठेवली, की घरच्यांचा जीव जखमेपेक्षा तिच्या न खाण्याने जास्त खालीवर होतो. हळद दाबून झालेली असते, रक्त थांबलेलं असतं, पण पुढ्यातल्या कण्या तशाच पडून असतात. मग दुपारी कुणीतरी तिला मांडीत घट्ट धरतं, दुसरं चोच उघडतं आणि चमच्याने पेज ओतली जाते. हे सगळं मायेपोटीच होतं. तरीही जखमेतून निभावू शकली असती अशी कोंबडी या पेजेने दगावू शकते. न खाणं हा तिचा हट्ट नसतो. ती का खात नाही याचं कारण तिच्या अंगात किंवा आपण तिला ठेवलं त्या जागेत असतं. ते शोधायचं सोडून चोच उघडली, तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर नवं जडतं.

आधी शरीराची रचना पाहू. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच, चोच उघडली की दिसेल असं असतं. एरवी ती पाणी पिते तेव्हा चोच बुडवते, मान वर करते आणि घोट आपल्या वजनाने खाली उतरतो. त्यात तिची स्वतःची हालचाल असते, त्यामुळे श्वासाची वाट वेळेवर मिटते. माणसाने ओतलेला चमचा तेवढं थांबत नाही. पेज फुप्फुसात गेली की घरघर सुरू होते आणि पुढे फारसं काही हातात उरत नाही. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्यांचा श्वास चालतो, म्हणजे 'घट्ट धर, फडफडेल' या सूचनेतच तिचा श्वास कोंडतो. पाणी द्यायचंच तर चोचीच्या टोकाशी बाहेरून एक थेंब लावावा आणि ती मान वर करते का ते पाहावं. केली, तर दुसरा थेंब.

आता ती खात का नाही? पहिलं कारण गारठा. निरोगी कोंबडीचं अंग साधारण 41 अंश सेल्सिअस असतं. रक्त गेलेली, पिसं उपटली गेलेली, भेदरलेली कोंबडी ही ऊब राखू शकत नाही. पाय हाताला गार लागतात, तुरा फिका पडतो आणि थंड पडलेल्या शरीरात पचन मंदावतं. अशा पोटात अन्न ढकललं तर ते तिथेच आंबतं. म्हणून आधी डालग्याच्या एका बाजूला साधा पिवळा बल्ब लावावा, म्हणजे नको झाल्यास तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. दुसरं कारण वेदना. 2000 साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी लंगडणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढे साधं आणि वेदनाशामक मिसळलेलं असं दोन प्रकारचं खाद्य ठेवलं. ज्या जास्त लंगडत होत्या त्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं. तेव्हा 'पाखराला कसलं दुखतंय' हे म्हणणं आता टिकत नाही. (अर्थात म्हणून घरातली माणसाची गोळी कुटून घालू नये. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं कशी मेली ते आपण पाहिलंच आहे.) वेदनेचा उगम कित्येकदा पिसांखाली लपलेला असतो. दाताचं बारीक भोक पाठीवर, शेपटीच्या मुळाशी किंवा पंखाखाली राहून जातं, माश्या तिथे अंडी घालतात आणि उष्ण दमट हवेत एका दिवसात अळ्या पडतात. म्हणून पिसं फुंकर मारून, बोटांनी बाजूला करत सगळं अंग तपासलं पाहिजे. हळदीचा जाड थर घाव बरा करण्याऐवजी नुसता झाकतोच, त्यापेक्षा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुणं बरं.

तिसरं कारण आपणच तयार करतो. शांत राहावी म्हणून डालग्यावर गोणपाट टाकतो आणि मग ती खात नाही म्हणून काळजी करतो. कोंबडी अंधारात खात नाही. तिचं मुख्य खाणं उजाडताना आणि मावळतीच्या आधी होतं, त्यामुळे भर दुपारी नाकारलेल्या कण्यांवरून फारसं काही ठरत नाही. पहिले काही तास बल्बची बाजू सोडून अंधार द्यावा, पण पहाटे गोणपाट काढावा. तेव्हाच छातीच्या उजव्या बाजूला, मानेच्या मुळाशी असलेली अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली, तर प्रश्न भुकेचा नाही, वाट तुंबल्याचा आहे. तिथे भरवणं म्हणजे भरल्या पोत्यात आणखी दाणे कोंबणं.

यावर रास्त आक्षेप असा, की वाट पाहत बसलं तर ती भुकेनेच मरेल. भुकेने मरायला वेळ लागतो. अंड्यांच्या व्यवसायात पिसं झडवून पुन्हा अंडी सुरू करण्यासाठी कोंबड्यांचं खाद्य कित्येक दिवस बंद ठेवण्याची क्रूर पद्धत चालत आली आहे, आणि त्यातून बहुतेक पाखरं जगतात. खुडूक बसलेली कोंबडीही दिवसातून एखाद्या वेळीच उठून चार दाणे टिपते. मात्र ही धट्टीकट्टी पाखरं असतात आणि त्यांचं पाणी तुटलेलं नसतं. जखमी कोंबडीला एवढी सवलत नाही. म्हणून पाण्याबाबत पहिल्या तासापासून आग्रह धरावा आणि अन्नाबाबत एखादा दिवस धीर धरावा. उपासाच्या खुणा मात्र ओळखाव्यात: रिकाम्या आतड्यातून पित्त उतरून शीट हिरवी, पातळ होते. छातीच्या हाडाची धार रोज बोटाला जास्त टोचू लागते. दुसऱ्या दिवसानंतरही असंच चाललं तर धीर संपवून पशुवैद्यक गाठावा. नळी थेट अन्नपिशवीत घालून भरवता येतं, पण ते काम शिकलेल्या हाताचं.

दाणे ओळखीचे असावेत. कोंबडी खाद्य मुख्यतः डोळ्यांनी ओळखते, त्यामुळे अंड्याचा बलक घातलेल्या पौष्टिक लगद्यापेक्षा रोजची बाजरी ती आधी टिपते. जाळीपलीकडे एखादी गरीब स्वभावाची तलंग टिपत असली तर आणखी बरं. जाळी मात्र हवीच, कारण ताज्या लाल जखमेवर टोच मारायला कळपातल्या सख्ख्या बहिणीही कमी करत नाहीत.

काहीशे रुपयांच्या पाखरासाठी एवढा खटाटोप कशाला, कापून मोकळं व्हावं, असंही म्हणतात. पाठीचा कणा मोडला असेल, पोट फाटलं असेल, तर झटकन संपवणं हीच दया, हे मान्य. पण न खाणं एवढ्यावरून तो निकाल देता येत नाही. वरच्या कामात बल्ब, मीठ आणि लक्ष यापलीकडे खर्च तरी कसला? दवाखान्यातून औषध आणलंच, तर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्यावं.